दोन नौका आणि एक मंडळ

दुसरे महायुद्ध संपले तो सप्टेंबर १९४५ चा महिना. त्या महिन्याच्या १० तारखेला अमेरिकेच्या नौदलात ‘मिडवे’ नावाची विमानवाहू नौका दाखल झाली. त्यानंतर बाराच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या काठी ‘हर्क्युलिस’ नावाची दुसरी एक विमानवाहू नौका पाण्यात उतरवण्यात आली. ज्या युद्धासाठी या दोघी बांधायला घेतल्या होत्या ते युद्ध दोघींनाही चुकले. ‘मिडवे’ नौदलात राहिली. ‘हर्क्युलिस’चे काम मात्र अर्धवट थांबले आणि तिचा सांगाडा दहा-अकरा वर्षे तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्टच्या गोदीत ती पूर्ण झाली आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत भारतीय नौदलात आली. तिचे नाव ठेवले ‘विक्रांत’.

या दोन नौकांच्या आयुष्याची दुसरी गाठ पडली ती १९९७ मध्ये. त्या वर्षी ३१ जानेवारीला ‘विक्रांत’ निवृत्त झाली. ‘मिडवे’ १९९२ मध्येच निवृत्त झाली होती. १७ मार्च १९९७ ला तिचे नाव अमेरिकी नौदलाच्या पटावरूनही कमी झाले. आता दोघींपुढे प्रश्न एकच होता: पुढे काय?

आज ‘मिडवे’ कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराच्या धक्क्याला उभी आहे. वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे तिच्यावर चढतात. आपल्या ‘विक्रांत’वर मात्र २२ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईच्या दारूखान्यात जहाजतोडणीचे काम सुरू झाले. असे का झाले, ते आज पाहायचे आहे.

याचे एक तयार उत्तर आपल्याकडे असते. अमेरिका श्रीमंत, आपण गरीब. त्यांना इतिहासाची कदर, आपल्याला नाही. यातले दुसरे वाक्य मला मान्य नाही. ‘विक्रांत’बद्दल लोकांना प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? आणि पहिले वाक्य खरे असले तरी पुरेसे नाही. ‘मिडवे’चे संग्रहालय अमेरिकेच्या सरकारने उभारलेले नाही. तिथला कायदाच असा की, नौदल आपली जुनी नौका संग्रहालयासाठी दान देऊ शकते, पण त्यापायी सरकारी तिजोरीवर खर्च पडता कामा नये. नौका ओढत नेण्याचा, धक्का बांधण्याचा, रंगरंगोटीचा आणि पुढची सगळी वर्षे तिला तरंगत ठेवण्याचा भार घेणाऱ्याने उचलायचा. तेव्हा फरक आहे तो हा भार घेणारा कोण, याचा.

आधी आपल्या नौकेचे पाहू. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘विक्रांत’ मुंबईला आली तेव्हा तिच्या स्वागताला स्वतः पंडित नेहरू हजर होते. तिचा खरा कस लागला १९७१ मध्ये. त्या वेळी तिच्या एका बाष्पकाला, म्हणजे बॉयलरला, तडे गेले होते. पूर्ण वेगाने ती जाऊ शकत नव्हती. तिला बंगालच्या उपसागरात धाडण्यात आले. तिचा माग काढायला पाकिस्तानने ‘गाझी’ ही पाणबुडी पाठवली. ती ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ तारखेपासून ‘विक्रांत’वरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव या ठिकाणी हल्ले चढवले. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याची समुद्राकडची वाट बंद झाली. त्या युद्धात या नौकेवरच्या मंडळींना दोन महावीर चक्रे आणि बारा वीर चक्रे मिळाली.

अशा नौकेचे संग्रहालय व्हावे, यावर दुमत असण्याचे कारणच नव्हते, आणि दुमत नव्हतेही. निवृत्तीनंतर ती मुंबईत संग्रहालय म्हणून जपायची असेच ठरले होते. २००१ मध्ये नौदलाने ती लोकांना पाहायला खुली केली. पण ती उभी होती नौदलाच्या गोदीत. तिथला बंदोबस्त कडक. त्यामुळे ठरावीक दिवसच लोकांना आत सोडता येई. कायमच्या संग्रहालयासाठी राज्य शासनाला भागीदार हवा होता. तो वर्षानुवर्षे मिळाला नाही.

मला इथे थोडे थांबावेसे वाटते. ही नौका नेमकी कोणाची होती? नौदलाचे काम लढण्याचे. निवृत्त नौकेवर माणसे आणि पैसा खर्च करणे त्याला परवडणारे नव्हते, तरी ते ती सांभाळत राहिले. राज्य शासनाची इच्छा होती, पण शासन स्वतः जहाज चालवणार नव्हते. ते भागीदार शोधत होते. भागीदार म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जात होते ते खासगी उद्योजक. त्यांनी हिशेब केला आणि ते बाजूला झाले. नफ्यासाठी काम करणाऱ्याने नफा पाहिला, याबद्दल त्यांना बोल लावता येत नाही. म्हणजे प्रेम सगळ्यांचे होते, पण रोज सकाळी उठून ‘ही माझी जबाबदारी’ म्हणणारे कोणीही नव्हते. आणि समुद्राचे पाणी तर कोणासाठी थांबत नाही. खारे पाणी पत्रा खातच राहते. २०१२ मध्ये नौका लोकांसाठी धोकादायक ठरली आणि बंद झाली.

पुढचा घटनाक्रम बहुतेकांना आठवत असेल. ३ डिसेंबर २०१३ रोजी लिलावाचा निर्णय झाला. तो थांबवावा म्हणून जनहित याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. नौकेची अवस्था जपण्यासारखी राहिलेली नाही आणि त्यासाठी पैसा किंवा शासनाचा आधारही नाही, असे न्यायालयाला दिसले. जानेवारी २०१४ मध्ये ती ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली. सर्वोच्च न्यायालयातही दाद लागली नाही. लोक जागे झाले, सभा झाल्या, पत्रे लिहिली गेली, पण तोवर सतरा वर्षे निघून गेली होती.

आता ‘मिडवे’कडे वळू. १९९२ मध्ये ती सॅन डिएगोमध्ये निवृत्त झाली आणि दूर उत्तरेला ब्रेमरटन येथे निवृत्त जहाजांच्या तळावर नेऊन ठेवली गेली. त्याच वर्षी अॅलन यूक नावाच्या एका स्थानिक उद्योजकाच्या पुढाकाराने सॅन डिएगोमध्ये काही नागरिक एकत्र आले आणि त्यांनी एक ना-नफा संस्था नोंदवली. नाव साधेच: सॅन डिएगो विमानवाहू नौका संग्रहालय. तेव्हा त्यांच्याकडे नौका नव्हती, धक्का नव्हता आणि पैसाही नव्हता. होते ते एवढेच, की या कामाची नोंदलेली एक संस्था होती आणि पत्र कोणाला लिहायचे हे समोरच्याला माहीत होते.

नौका मिळायला या संस्थेला अकरा वर्षे लागली. आपल्याला वाटते की परवानग्यांचा खेळ फक्त आपल्याकडेच असतो. तसे नाही. बंदर प्राधिकरणाला पटवायचे, किनारपट्टीच्या आयोगाला पटवायचे, नौदलाला आर्थिक आराखडा दाखवायचा. शहरातल्या काहींचा विरोधही होता. एवढे अवाढव्य जहाज उभे केले तर किनाऱ्यावरून समुद्र दिसणार नाही, गाड्या कुठे उभ्या करायच्या, असे आक्षेप होते. एक आक्षेप तर आपल्याला नवलाचा वाटेल: जहाजाची सावली पाण्यावर पडणार आणि त्या सावलीखालच्या जीवसृष्टीचे नुकसान होणार. संस्थेने हा आक्षेप हसण्यावारी नेला नाही. त्याची भरपाई म्हणून दुसरीकडे पाणथळ जागा तयार करून देण्यात आली.

अखेर नौदलाने दान मंजूर केले. ३० सप्टेंबर २००३ रोजी ‘मिडवे’ ब्रेमरटनहून ओढत निघाली. सॅन डिएगोचा धक्का तयार व्हायचा होता म्हणून वाटेत ओकलंडला थांबली आणि १० जानेवारी २००४ रोजी आपल्या जागी येऊन उभी राहिली. ७ जून २००४ रोजी ती लोकांना खुली झाली. पहिल्या वर्षी ८,७९,२८१ लोक आले. अपेक्षेच्या दुप्पट! लक्षात घ्या, ही नौका आपल्या ‘विक्रांत’हून वजनाने तिपटीहून मोठी आहे. म्हणजे पत्रा अधिक, गंज अधिक आणि खर्चही अधिक.

हे चालते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. मुख्य उत्पन्न तिकिटांचे. संध्याकाळी दर्शक गेले की नौकेची प्रशस्त धावपट्टी समारंभांना भाड्याने दिली जाते. शाळेची मुले खलाशांच्या बिछान्यांवर रात्र काढतात, त्याचे शुल्क असते. देणग्या येतात त्या वेगळ्या. जे शिल्लक राहते ते नौकेवरच खर्च होते. ‘ना-नफा’ या शब्दाचा अर्थ पुष्कळांना फुकट काम असा वाटतो. तो तसा नाही. शिल्लक राहायलाच हवी. फक्त ती कोणाच्या खिशात जात नाही.

आणि पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे माणसे. सॅन डिएगो हे नौदलाचे शहर. तिथे निवृत्त खलाशी, वैमानिक, यंत्रज्ञ भरपूर. तेच नौकेवर येऊन विनामोबदला माहिती सांगतात. तेच जुनी विमाने दुरुस्त करतात. दर्शकाच्या कानात वाजणारी ध्वनिफीतही त्या नौकेवर काम केलेल्यांच्या आवाजातली आहे. एप्रिल १९७५ च्या अखेरीस सायगाव पडत असताना दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलातला एक मेजर बायको आणि पाच मुलांना एका छोट्याशा विमानात घालून समुद्रावर आला होता. त्याने चिठ्ठी टाकून ‘मिडवे’वर उतरण्याची परवानगी मागितली. धावपट्टीवर हेलिकॉप्टरांची दाटी होती. कप्तान लॉरेन्स चेंबर्स यांनी ती हेलिकॉप्टरे समुद्रात ढकलायला सांगितली आणि मेजरचे विमान सुखरूप उतरले. ही हकीकत पुस्तकात वाचणे वेगळे, आणि त्याच धावपट्टीवर उभे राहून ऐकणे वेगळे. संग्रहालय म्हणतात ते याला.

पण म्हणून ना-नफा संस्था नोंदवली की काम झाले, असेही नाही. न्यूयॉर्कची ‘इंट्रेपिड’ ही विमानवाहू नौका १९८२ मध्ये संग्रहालय झाली आणि तीनच वर्षांत, १९८५ मध्ये, तिच्या संस्थेला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. ती त्यातून सावरली आणि आजही उभी आहे. ‘कॅबट’ नावाच्या नौकेचे नशीब मात्र तसे नव्हते. महायुद्धात लढलेली ही नौका पुढे स्पेनकडे गेली आणि १९८९ मध्ये संग्रहालयासाठी अमेरिकेतल्या एका खासगी संस्थेला मिळाली. त्या संस्थेला देणी भागवता आली नाहीत. १९९९ मध्ये नौकेचा लिलाव झाला आणि पुढे ती तोडली गेली. श्रीमंत देश तोच, कायदाही तोच. ‘मिडवे’च्या मंडळींनी जे केले ते ‘कॅबट’च्या मंडळींना साधले नाही. त्यांनी नौका हातात येण्याआधी जागा, पैसा आणि माणसे यांचा विचार पुरा केला होता.

आपल्याकडे सगळेच निराशाजनक आहे, असेही नाही. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ ही पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून खुली झाली. अवघे दीड वर्ष! तिथल्या नगरविकास प्राधिकरणाने जबाबदारी घेतली, जागा ठरली, पाणबुडी पाण्यातून काढून वाळूवर पक्क्या पायावर ठेवली गेली. निवृत्त नौसैनिक तिथे माहिती सांगायला असतात. आपल्या महाराष्ट्रात तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र ते सांभाळते. गोव्यात बोगमाळोजवळ १९९८ पासून नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. ‘विक्रांत’वरून उडणाऱ्या जातीची सी हॉक आणि अलिझे विमाने तिथे पाहायला मिळतात. ही विमाने उरली आणि ज्या धावपट्टीवरून ती उडत ती गेली, हे त्यातले दुःख. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कोणाची तरी एकाची जबाबदारी ठरलेली होती.

‘विक्रांत’ गेली त्यातून आपण शिकलो का? ‘विराट’ ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे तरंगते संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. आकडा मोठा होता, आनंदही मोठा झाला. पण तो आकडा प्रत्यक्षात आणणारी, त्यासाठीच उभी राहिलेली संस्था कुठे होती? २०२० च्या सप्टेंबरअखेरीस ‘विराट’ गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्याला लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडणीला स्थगिती दिली, पण एप्रिलमध्ये प्रकरण निकालात निघाले, कारण तोवर नौकेचा चाळीस टक्के भाग तोडून झाला होता. पुन्हा तेच. लोक धावले ते नौका वाळूत रुतल्यावर.

खरे तर हा मार्ग आपल्याला परका नाही. ‘ना-नफा संस्था’ हा शब्द नवा, पण ‘मंडळ’ ही गोष्ट आपल्याकडे जुनी. १९१० मध्ये राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. तेव्हा मागे सरकार नव्हते. वाड्यावाड्यांतून सडत पडलेली दप्तरे गोळा करून जपायची, एवढाच ध्यास होता, आणि त्या ध्यासाला मंडळाचे रूप दिले म्हणून ते काम एका माणसाच्या हयातीपुरते राहिले नाही. मुंबईतले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. शहरातल्या प्रमुख नागरिकांनी ते मनावर घेतले, १९०५ मध्ये कोनशिला बसली, १९०९ च्या कायद्याने विश्वस्त मंडळ आले आणि १९२२ मध्ये संग्रहालय खुले झाले. म्हणजे सतरा वर्षे. ‘विक्रांत’लाही निवृत्तीपासून लिलावापर्यंत सतराच वर्षे मिळाली होती. त्या काळात मुंबईत पैसेवाले नव्हते, निवृत्त नौसैनिक नव्हते, की कळकळीची माणसे नव्हती? सगळे होते. त्यांना एका नोंदवहीत आणणारे, ज्याच्या नावाने धनादेश लिहावा असे मंडळ मात्र नव्हते.

आता ‘विक्रांत’ची आठवण कशात उरली आहे? मुंबईत नौदल गोदीजवळ तिच्याच धातूतून घडवलेले एक स्मारक जानेवारी २०१६ मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी तिच्या भंगाराचे पोलाद वापरून एका कंपनीने मोटारसायकल काढली, तीही लोकांनी हौसेने घेतली. २ सप्टेंबर २०२२ रोजी तिचेच नाव लावून, भारतात बांधलेली नवी ‘विक्रांत’ कोचीला नौदलात दाखल झाली, ही अभिमानाची गोष्ट. पण १९७१ च्या डिसेंबरात तडे गेलेल्या बॉयलरवर जी नौका समुद्रात उभी राहिली, तिच्या यंत्रघरात उतरून ‘हे त्यांनी कसे केले असेल?’ असे विचारण्याची सोय आपल्या मुलांना राहिली नाही.

पुढेही नौका निवृत्त होणार आहेत. ‘विक्रमादित्य’ आज सेवेत आहे. तिचीही वेळ एक दिवस येईल. तिचे संग्रहालय व्हावे असे ज्यांना वाटते त्यांनी निवृत्तीच्या सोहळ्याची वाट पाहू नये. मंडळ आजच नोंदवावे. कारवार असो, मुंबई असो की सिंधुदुर्ग, धक्का कोणता, रस्ता कसा, वीज-पाणी कुठून, वर्षाचा खर्च किती आणि तो कोण देणार, याचा कागद तयार करावा. ज्यांनी त्या नौकेवर नोकरी केली त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात आताच मुद्रित करून ठेवाव्यात, कारण माणसेही निवृत्त होतात. आणि हिशेब न जमल्यास तसे स्पष्ट सांगावे. एखादी तोफ, एखादे विमान, नौकेचा एखादा भाग नीट जपणे हे अख्खी नौका गंजत ठेवण्यापेक्षा केव्हाही चांगले. ‘मिडवे’च्या मंडळींनी १९९२ मध्ये कामाला हात घातला तेव्हा त्यांच्याकडेही नौका नव्हती. आपल्याकडे आजमितीला नौका आहे, माणसे आहेत, आणि मंडळ काढायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात एक अर्ज करावा लागतो.